रविवारची किल्ली

शनिवारी सकाळी निल्दा दुसऱ्या मजल्यावरून खाली आली, तेव्हा पापा रात्रीची उरलेली काचुपा तव्यावर परतत होते. मका आणि घेवडा तव्याला लागून खरपूस झाले की वर अंडं फोडायचं, हा त्यांचा शनिवारचा नेम. टेबलावर शहराचं वर्तमानपत्र पडलं होतं आणि त्यात पापांचा फोटो होता. नगरपरिषदेच्या सभागृहात, माइकसमोर, हिरव्या पाटीखाली. पाटीवर लिहिलं होतं, 'समर्थक'.

"पोट जरा जास्तच आलंय फोटोत," पापा म्हणाले. "त्या फोटोवाल्या पोरीला सांगितलं होतं, मानेच्या वरचं काढ."

निल्दा हसली नाही.

त्या दिवसांत वस्तीत कुणीच फारसं हसत नव्हतं. नदीकाठच्या बंद सूतगिरणीमागे एक मोकळं मैदान होतं. काबो व्हेर्दे बेटांवरून इथे आलेल्यांच्या तीन पिढ्या दर रविवारी त्यावर फुटबॉल खेळत आल्या होत्या. आता तिथे स्टेडियम होणार होतं. शहराला स्वतःचा व्यावसायिक संघ मिळेल, दुकानं चालतील, नोकऱ्या येतील, असं स्टेडियम बांधणाऱ्या फुटबॉल क्लबची माणसं सांगत होती. वस्तीचा त्यातल्या एका शब्दावर विश्वास नव्हता. महामार्ग आला तेव्हाही नोकऱ्या येणार होत्या. आला तो धूर. आता भाडी वाढणार, आणि आपलीच पोरं आपल्याच मैदानाच्या कुंपणाला नाक लावून उभी राहणार, हे न्हाव्याच्या दुकानापासून चर्चच्या पायरीपर्यंत सगळ्यांना स्वच्छ दिसत होतं. आणि नेमके निल्दाचे पापा, बेनविंदो फोंतेस, ज्यांना अख्खी वस्ती मानानं 'न्हो बेन' म्हणत असे, ज्यांनी उभं आयुष्य त्या मैदानावर चुन्याच्या रेषा आखल्या, तेच 'समर्थक' म्हणून उभे!

"म्हाताऱ्यानं काहीतरी घेतलंय," असं लोक बोलत. निल्दा आली की बोलणं थांबे, पण थांबलेलं बोलणंही ऐकू येतंच.

तिला स्वतःलाही दिसत होतंच की. क्लबचा माणूस, तो ब्रेंडन कीफ, त्याची गाडी दोनदा दारात उभी होती. पापांच्या अंगावर नवा लोकरी कोट आला होता, चांगला भारीतला. निल्दा शाळेत इतिहास शिकवत असे. पुराव्याशिवाय निष्कर्ष काढू नका, असं मुलांना रोज बजावत असे. घरी मात्र एक गाडी आणि एक कोट तिला पुरेसे वाटले.

"पुढच्या सोमवारी परिषदेत मतदान आहे," पापा म्हणाले. "येशील माझ्याबरोबर?"

"पेपर तपासायचेत."

"पेपर काय, पाय फुटून पळतात?"

"तुम्ही आहात ना तिकडे, त्यांच्या बाजूनं बोलायला."

पापांचा उलथन्याचा हात थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "निल्दा, काही विचारायचं असेल तर विचार."

"काही नाही."

"बरं. मीठ दे मग."

तिनं मीठ दिलं. अंडं छान झालं होतं. दोघांनी हवापाण्याच्या गप्पा मारत ते खाल्लं, आणि ती पेपर तपासायला वर गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सामना संपवून पापा घरी आले, बूट काढायला खुर्चीत बसले आणि तिथेच गेले. एक बूट सुटला होता. दुसऱ्याची नाडी निल्दानं सोडली.

त्यांच्या माणसांत मयताच्या घराचं दार सात दिवस बंद होत नाही. भिंतींना लागून खुर्च्या मांडतात. माणसं येतात, बसतात, उसासे टाकतात, कॉफी पितात. कोण आलं नाही, याची नोंद प्रत्येकाच्या मनात राहते. म्हणून सगळे आले. पण न्हो बेनसारखा माणूस गेल्यावर ज्या आठवणी ओसंडून वाहायला हव्या होत्या, त्या ओठांतच अडत होत्या. बायका डोळे पुसत, पुरुष टोपी हातात फिरवत, आणि मैदानाचं नाव निघालं की कुणीतरी पटकन हिवाळ्याबद्दल बोलायला लागे. निल्दा हे सगळं पाहत होती. त्यांना दोष कसा देणार? तिच्या मनातही तेच होतं. रडू येई आणि त्याच्या मागोमाग तो हिरव्या पाटीखालचा फोटो येई. धड रडताही येत नव्हतं.

सहाव्या दिवशी कीफ आला. हातात पांढरी फुलं, चेहऱ्यावर जपून ठेवलेलं दुःख. खोलीतली कुजबुज चटकन बंद झाली. निल्दा दारात उभी राहिली. तिनं फुलं घेतली, पण त्याला खुर्ची दाखवली नाही. मयताच्या घरी आलेल्याला बसायला न सांगणं ही वस्तीत न ऐकलेली गोष्ट होती.

"तुमचे वडील मोठे माणूस होते," कीफ म्हणाला. "सोमवारी त्यांची जागा कोण घेणार आहे?"

"तुमचं काम झालंय इथलं," निल्दा म्हणाली.

तो क्षणभर गोंधळला, मग मान तुकवून निघून गेला.

"बघितलंत?" आर्लिंदो न्हावी खुर्चीत पुढे सरकला. "मढ्याची माती ओली आहे, तोवर पुढचं गिऱ्हाईक शोधायला आला. किती देणार विचारायचं होतंस, निल्दा!"

कुणीतरी हसलं. आणि त्याच वेळी कोपऱ्यातून काठी आपटल्याचा आवाज आला.

कोपऱ्यात न्हा झुल्मिरा बसली होती. पापांची थोरली बहीण, तिसऱ्या मजल्यावर राहणारी, निल्दाची तिया. सहा दिवस ती एक अक्षर बोलली नव्हती.

"आर्लिंदो, माझ्या भावाचं नाव चघळत त्याच्याच घरची कॉफी पितोस? साखर बरोबर आहे ना? की तीही क्लबनं दिली असेल?"

"न्हा झुल्मिरा, मी नाव कुठे घेतलं..."

"नाव घ्यायची हिंमत असती तर सहा दिवसांपूर्वीच घेतलं असतंस! एक सांग. पहिल्या सभेला तू गेला होतास ना? बोलण्यासाठी कसली चिठ्ठी भरलीस?"

"लाल. विरोधाची. आम्ही सगळ्यांनीच."

"तुझं नाव पुकारलं?"

आर्लिंदोनं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "आधी हिरव्या चिठ्ठ्यांवाले बोलतात. क्लबवाले, दुकानदार, बँकवाले. त्यांचंच संपेना. शेवटी आम्ही घरी आलो. सकाळी दुकान उघडायचं असतं."

"आणि तुम्ही घरी आलात तेव्हा परिषदेचे सभासदही निम्मे उठून गेले होते. उरलेल्या लाल चिठ्ठ्या रिकाम्या खुर्च्यांनी ऐकल्या. ते बेननं पाहिलं. मला म्हणाला, झुल्मा, त्या सभागृहाचं पुढचं दार हिरव्या बाजूला आहे, तर त्या बाजूनं आत जाऊ. पुढच्या सभेपासून तो हिरवी चिठ्ठी भरू लागला. मी होते त्याच्याबरोबर, दर वेळी. तुमच्यातलं मात्र कुणी पुन्हा तिकडे फिरकलं नाही."

"म्हणजे... पापा विरोधात होते?" निल्दानं विचारलं.

"विरोधात? त्याला स्टेडियम हवं होतं गं! लिस्बनचे सामने टीव्हीवर बघून डोळे अधू झाले त्याचे. आपल्या गल्लीतून चालत जाऊन खरा संघ बघायचा, एवढी एकच हौस उरली होती. पण फुकट नको होतं. प्रत्येक वेळी उभा राहिला आणि एकच विचारलं. स्टेडियमशेजारी सरावाचं मैदान करणार म्हणता. रविवारी त्याच्या फाटकाची किल्ली कुणाकडे राहील? वस्तीकडे की तुमच्याकडे? तोंडी नको, करारात लिहा. मला इंग्रजी धड कळत नाही, पण तोंडं कळतात. बेन बोलायला लागला की त्या क्लबवाल्यांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी व्हायची!"

"आणि कीफची गाडी?" आर्लिंदोनं विचारलं.

"समजूत घालायला यायचा. एवढं ताणू नका, म्हणायचा. बेन त्याला काचुपा वाढायचा आणि पुन्हा विचारायचा, किल्लीचं काय?"

निल्दा पुढे आली. "तिया, तो कोट..."

"कोट?" म्हातारी तिच्याकडे बघतच राहिली. "तो मी चर्चच्या जुन्या कपड्यांच्या बाजारातून आणला, पोरी! आतल्या खिशात कुणा आयरिश माणसाची जपमाळ सापडली, ती बेननं फादरना नेऊन दिली. म्हणजे तूसुद्धा?"

खोलीतल्या प्रत्येकाच्या मनात एकच आलं. अरे देवा! जो माणूस आपल्यासाठी आत शिरला, त्याला आपण आत शिरला म्हणून चोर ठरवला!

"मग त्यांनी आम्हाला सांगितलं का नाही?" आर्लिंदोचा आवाज आता खाली आला होता.

"तुझ्या दुकानात तो आला की गप्पा बंद व्हायच्या. बंद दाराला काय सांगायचं? त्याला वाटायचं, कुणीतरी विचारेल. एकानं तरी विचारायचं होतं, बेन, तू तिकडे काय करतोस?" तियानं काठी पुन्हा टेकवली. "आणि ऐका, मी काही त्या कीफला साधू म्हणत नाही. त्याच्यावर संशय घ्या, पोटभर घ्या! मीही घेते, माणूस फार हसतो. पण त्याच्यावरचा संशय तुम्ही दुकानात घेता आणि घरच्या माणसावरचा घरात घेता. ज्याच्यावर घ्यायचा त्याच्या तोंडावर एकदा तरी घ्या! भित्र्याचा संशय नेहमी जवळच्या माणसावरच पडतो, कारण तो उलटून चावत नाही."

सातव्या दिवसाची प्रार्थना झाली. मोठ्या हंड्यात काचुपा शिजली, माणसं जेवली, आणि आता कुठे तोंडं उघडली. न्हो बेननं पंचाशी घातलेली हुज्जत, पावसात चुन्याच्या रेषा वाहून गेल्यावर बुटाच्या टाचेनं आखलेल्या रेषा. लोक हसता हसता रडले. निल्दा भांडी घासत राहिली. कीफचा प्रश्न तिच्या डोक्यातून जात नव्हता. त्यांची जागा कोण घेणार? तो असं का विचारत होता? दुसरं गिऱ्हाईक हवं म्हणून, की आता किल्लीचं विचारणारं कुणी उरलं नाही ना, याची खात्री करायला? तिला कळेना. आणि पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं, की न कळण्यावर उपाय आहे. जाऊन विचारायचं.

सोमवारी सभागृहाच्या दारात वस्तीची रांग लागली होती. निल्दानं हिरवी चिठ्ठी भरली. मागे आर्लिंदोनंही हिरवीच मागितली.

"बायको म्हणेल, नवरा विकला गेला," तो पुटपुटला.

"तिला सांग, अजून गिऱ्हाईक आलं नाही," तिया म्हणाली.

हिरव्या चिठ्ठ्यांची नावं सुरू झाली आणि निल्दाचं नाव लवकरच आलं. सगळे सभासद जागेवर होते. तिनं नाव सांगितलं, पत्ता सांगितला.

"मी बेनविंदो फोंतेस यांची मुलगी. आम्हाला स्टेडियम हवं आहे. रविवारी सरावाच्या मैदानाच्या फाटकाची किल्ली कुणाकडे राहील?"

अध्यक्षबाईंनी कीफकडे पाहिलं. कीफ उभा राहिला, तेच हसू घेऊन. "वस्तीला मैदान वापरता येईल, असा शब्द आम्ही दिलाच आहे."

"शब्द नको. करारात कुठे लिहिलं आहे, ते वाचून दाखवा."

त्यानं वकिलाकडे पाहिलं. वकिलानं कागद चाळले, पुन्हा चाळले. मागच्या बाकांवर कुणीतरी खाकरलं. शेवटी वकील म्हणाला, "या मसुद्यात ते नाही."

"मग आज मत कशावर देणार?" निल्दानं सभासदांना विचारलं. तिच्यामागे आर्लिंदो उभा राहिला. मग डाव्या बाजूची एक बाई, मग संपूर्ण रांग. कुणी ओरडलं नाही. नुसते उभे राहिले.

अध्यक्षबाई शेजारच्या सभासदांशी हळू आवाजात बोलल्या. मग त्यांनी जाहीर केलं, की किल्लीचं कलम लिहून येईपर्यंत मतदान होणार नाही. कलम येईल की नाही, आलं तरी पाळलं जाईल की नाही, कोण सांगणार? वस्तीचा अजूनही भरवसा नव्हता, आणि ते बरंच होतं. पण आज त्यांचा संशय पहिल्यांदा योग्य खोलीत, योग्य माणसांसमोर आणि मोठ्या आवाजात उभा राहिला होता.

ही गोष्ट ऐकणाऱ्या बंधुभगिनींनो, सत्तेवर आणि पैशावर संशय घेणं हे नागरिकाचं कामच आहे. पण तो पारावर कुजबुजत ठेवला, तर शेवटी आपल्याच माणसाला जाऊन लागतो. मनात ठेवलेला संशय म्हणजे एक निकालच असतो. आरोपीला न बोलावता दिलेला निकाल!

"तुमचा थोडा वेळ शिल्लक आहे," अध्यक्षबाई निल्दाला म्हणाल्या. "आणखी काही सांगायचं आहे?"

निल्दा माइकपाशी तशीच उभी राहिली. तिनं इंग्रजी सोडली आणि घरच्या क्रेओल बोलीत, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला सुरुवात केली.

"पापा, त्या शनिवारी तुम्ही मला म्हणालात, काही विचारायचं असेल तर विचार. मला विचारायचं होतं. तुम्ही त्यांच्याकडून पैसे घेतले का, हे विचारायचं होतं. मी विचारलं नाही, कारण उत्तर मी आधीच ठरवून टाकलं होतं. मी तुम्हाला चोर समजले, पापा. चुकले मी."