लख्ख बोंडलं

चोचीच्या टोकाला एक थेंब लोंबत होता, आणि त्याच्यामागं ते सबंध बोंडलं सकाळच्या उन्हात असं चकाकत होतं की राधिकानं आधी डोळेच बारीक केले. माठामागच्या कोनाड्यात, पालथं घातलेलं. मुठीत मावेल एवढं पितळी भांडं, एका बाजूला चिमणीसारखी चोच काढलेलं – तान्ह्या लेकराला घुटी पाजायचं. बारशाला माहेराहून आलेलं. पण ते तर तिनं स्वतः… हो, स्वतःच्या हातांनी पेटीच्या तळाशी, गोधड्यांखाली ठेवलं होतं, लागणारच नाही म्हणून. न वापरलेलं पितळ काळवंडतं, मग हिरवं धरतं. हे मात्र देवघरातल्या समईसारखं लख्ख होतं. कुणीतरी चिंच लावून घासलं होतं, आणि एकदा नव्हे, कारण एकदा घासलेल्या पितळेला अशी झळाळी येत नाही. चोचीच्या आतपर्यंत, जिथं बोट जात नाही तिथं चिंधीची वात घालून.

थेंब पडला. जमिनीवर पडताक्षणी सारवणानं पिऊन टाकला.

म्हणजे आजच धुतलेलं. आज सकाळी. काल संध्याकाळी तर आपण हिंगोलीहून परत आलो…

ती तिथंच खाली बसली. मागं खोलीत राजनंदिनी झोळीत झोपली होती, झोळीची दोरी आढ्याला कुरकुरत होती, आणि तो आवाज चालू आहे तोवर सगळं ठीक आहे, असं ती कालपासून स्वतःला सांगत आली होती.

पाच महिन्यांची पोर. सहा महिने अंगावरचं दूध, दुसरं काही नाही, पाण्याचा थेंबही नाही – हे राधिकानं परभणीला कॉलेजात गृहविज्ञानाच्या पुस्तकात वाचलं होतं, पाठ केलं होतं, पेपरात लिहून मार्कही मिळवले होते. आणि पुसेगावाजवळच्या या घरात सून म्हणून आल्यावर, पोटात पोर असतानाच, तिनं ते नवऱ्याला नीट बसवून सांगितलं होतं. परमेश्वर शाळामास्तर. त्याला पटलं होतं. पटलं म्हणाला होता. दुधातच पाणी असतं, उन्हाळ्यातसुद्धा पुरतं, असं त्यानं उलट तिच्याच शब्दांत आईला समजावलंही होतं, आणि सासूबाई – पंचफुलाबाई – पदर तोंडाशी धरून हसल्या होत्या. दूध म्हंजे जेवण झालं माय, त्या म्हणाल्या होत्या, जेवल्यावर कोणाला पाणी लागत न्हाई? पण तो विषय तिथं संपला होता. संपला असं राधिकाला वाटलं होतं.

मग मे महिना आला. पत्रे तापायला लागले, माठातलं पाणीसुद्धा दुपारी कोमट लागू लागलं. राधिकाला ताप भरला, चार-पाच दिवस ती फणफणून पडली. ओल्या फडक्याखालून अर्धवट उघड्या डोळ्यांना दिसायचं ते एवढंच – सासूबाई लेकराला काखोटीला मारून पडवीत फिरताहेत, काहीतरी गुणगुणताहेत, आणि लेकरू गप्प आहे. अंगावर घेतलं की राजनंदिनी दोन घोट ओढायची आणि तोंड फिरवायची. आपल्या तापाचं दूध कडू लागत असेल तिला, राधिकाला वाटे, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. पण लंगोट मात्र… लंगोट ओले होत होते, सारखे ओले होत होते. तिथंच तर तिचा जीव निवला होता. भरपूर शू म्हणजे दूध पुरतंय, असं पुस्तकातही होतं आणि नर्सबाईही म्हणाल्या होत्या. दोरीवर वाळत घातलेल्या त्या लंगोटांकडे अंथरुणातून बघताना तिला एखाद्या सणाच्या तोरणाकडे बघावं तसा आनंद व्हायचा. सासूबाई बदलायच्या, धुवायच्या, वाळत घालायच्या. केवढं करतात माझ्या लेकराचं, असं मी मनातल्या मनात म्हणायची… मी म्हणायची.

सहाव्या दिवशी सकाळी पोरीचे डोळे वर गेले. आधी सुस्ती, मग एक हात झटकल्यासारखा, पुन्हा झटकल्यासारखा, आणि ओठांचा रंग गेला. जीपमध्ये मांडीवर तिला धरून राधिका नुसती तिच्या तोंडात श्वास शोधत होती. हिंगोलीत नवा जिल्हा झाल्याच्या पाट्या रंगवणं चालू होतं, एका पाटीवर जुनं नाव अर्धं पुसलेलं, नवं अजून लिहायचं राहिलेलं – आणि अशा वेळीसुद्धा ते डोळ्यांना दिसलं, लक्षात राहिलं, याची तिला आता लाज वाटली.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला होता.

"बाळाला पाणी पाजता का?"

"एक थेंबही नाही," ती म्हणाली होती. किती ठासून. तापलेल्या अंगानं, विस्कटलेल्या केसांनी, पण परीक्षेत येणाऱ्या प्रश्नाला द्यावं तसं खणखणीत उत्तर. डॉक्टरांनी तिच्या खांद्यावरून परमेश्वरकडे पाहिलं होतं. परमेश्वर भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत होता.

पाणी नाही, तर मग मेंदूज्वर असेल. ते बघायला पाठीतलं पाणी काढावं लागेल. दोन नर्सांनी पोरीला कुशीवर वळवून, गुडघे छातीशी दाबून, धनुष्यासारखं वाकवून धरलं. आईनं बाहेर थांबायचं. ती बाकड्यावर सासूबाईंशेजारी बसली नाही, दाराच्या फटीला डोळा लावून उभी राहिली, आणि सुई आत जाताना तिला वाटलं होतं की ही आपल्याच मणक्यात जाते आहे, आणि बरंच आहे, तशीच जावी. परमेश्वर तिच्या शेजारी होता. त्यानं तिचा हात धरला होता. घट्ट. त्याचा तळवा घामानं भिजलेला होता, आणि तिला त्या ओल्या तळव्याची किती माया आली होती तेव्हा.

पाठीतलं पाणी स्वच्छ निघालं. रक्ताचा रिपोर्ट आला त्यात मीठ फार कमी. डॉक्टरांनी सलाईन लावलं, आणि पोर शुद्धीवर आल्यावर राधिकाला समोर बसवून सांगितलं – तुमच्या-माझ्यासारख्या मोठ्या माणसानं तहानेपेक्षा तांब्या-दोन तांबे जास्त पाणी प्यालं तर शरीर ते बाहेर टाकतं. हद्द त्यालाही असतेच, पण बहुतेकांना ती गाठायचं कारण पडत नाही. एवढ्याशा लेकराचं मूत्रपिंड कच्चं असतं. नुसतं पाणी आत गेलं की रक्तातलं मीठ पातळ होतं, मेंदूला सूज येते, झटके येतात. कुठून तरी पाणी गेलंय बाई. आधी सांगितलं असतं तर सुई घालावी लागली नसती. हे सांगताना त्यांचा आवाज चढला नव्हता, पण त्यांच्या नजरेत ती खोटं बोलणारी बाई होती, हे तिला कळलं होतं, आणि आपण खरं बोलतो आहोत एवढ्याच आधारावर तिनं ती नजर सोसली होती.

जीपमध्ये परत येताना तिनं परमेश्वरला विचारलंही – मीठ कसं कमी झालं असेल हो तिचं? आणि तो खिडकीतून बाहेर, उघड्या पडलेल्या तुरीच्या रानांकडे बघत म्हणाला होता, "ऊन लई आहे यंदा."

ऊन लई आहे.

पंचफुलाबाई दुपारी पडवीत तांदूळ निवडत होत्या. राधिका बोंडलं हातात घेऊन त्यांच्यासमोर बसली. काय विचारायचं ते तिनं सकाळपासून मनात कितीदा जुळवलं होतं. तिनं बोंडलं नुसतं सुपाच्या कडेला ठेवलं.

"ठिवलंस का वर काढून? बरं केलं," सासूबाई म्हणाल्या. "आज न्हाई दिलं अजून. म्हणलं दवाखान्यातून आलंय लेकरू, दमानं देऊ."

राधिकाच्या कानात झोळीची दोरी कुरकुरली. तिनं विचारलं, आत्याबाई, कधीपासून देता? त्यात लपवण्यासारखं काही असेल असं पंचफुलाबाईंना वाटलंच नव्हतं; त्यांनी सहज सांगितलं – ऊन वाढल्यापासून, आधी नुसतं तोंड ओलं करायला; मग तू तापानं पडलीस, लेकरू रडरड रडून राहिलं, घशाला कोरड, टाळू नुसती तव्यावानी तापलेली, तर रडलं की बोंडलंभर, रडलं की बोंडलंभर. गप व्हायचं बिचारं. पोट भरल्यावानी झोपायचं.

"परमेश्वर होताच की. तुला सांगितलं न्हाई व्हय त्यानं? त्यालाच म्हणायची मी, धर जरा, मी चुलीवरचं बघून येते. त्यानं बी पाजलंय."

मग राधिकानं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते, सुईचं, मिठाचं. हळू आवाजात, खाली बघून, एकेक शब्द पुढं सरकवत. तांदळातले खडे वेचणारी बोटं थांबली. पंचफुलाबाईंनी बोंडल्याकडे पाहिलं, राधिकाकडे पाहिलं, आणि सूप बाजूला सारलं.

"मला कुणी काई म्हणलंच न्हाई," त्या म्हणाल्या. "म्या बाहेर बाकड्यावर बसलेली. मला इचारलं असतं तर मी का लपिवलं असतं, माय?" आणि जरा वेळानं, जणू स्वतःशीच, "आज बी देणार होते मी. आत्ताच उठल्यावर देणार होते."

त्या रडल्या नाहीत. हात मांडीत घेऊन, वाळलेल्या फांदीसारख्या बसून राहिल्या. आणि राधिकाला, सकाळपासून ज्या रागाची ती वाट बघत होती तो राग शोधूनही सापडेना; इथं नव्हताच तो. तो दुसरीकडं गेला होता, अंगणापलीकडं, शाळेला सुट्टी म्हणून पारावर पेपर वाचत बसलेल्या माणसाकडं. त्याच पेपरातलं एक कात्रण त्यानं खोलीच्या दारावर चिकटवलं होतं – उठल्याबरोबर भरपूर पाणी प्या, सगळे रोग पळतात. रोज पहाटे अंगणात उभं राहून तांब्या घशात रिकामा करायचा, नरडं वरखाली होताना गटगट आवाज यायचा, आणि ती अंथरुणात लेकराला पाजत तो आवाज ऐकायची, आपलं घर जागं झालं म्हणून. पाण्यानं काय होतंय, असं त्याला वाटलं असेल. वाटू दे. बोंडलं तोंडाला लावताना वाटलं असेल. पण त्या तक्त्याकडं बघताना? धनुष्यासारखी वाकवलेली पोर बघताना? तळवा ओला का झाला होता मग?

दिवस कलला तसे सासरे – मसाजी – मेंढरं घेऊन आले. दिवसभर उन्हात चरलेली मेंढरं हौदाकडे लोटली, आणि रोजच्यासारखे ते आडवी काठी धरून हौदासमोर उभे राहिले, चार-चार सोडत, बाकीच्यांना मागं सारत. गेल्या साली एक कोकरू दिवसभर बांधलेलं राहिलं आणि सुटल्यावर पोट फुगेस्तोवर प्यालं, तर लाल मुतलं आणि सकाळपर्यंत गेलं. तेव्हापासून ते काठी हलवत नाहीत. राधिका दारातून बघत होती. किती दिवस बघत आली होती. या घरात एवढं शहाणपण होतं – काठीएवढं – आणि ते हौदापासून माठापर्यंत आलं नव्हतं.

परमेश्वर खोलीत आला तेव्हा ती पोरीला अंगावर घेऊन बसली होती. त्याच्या हातात तांब्या होता, भरलेला. पाजताना तुला तहान लागते म्हणून, असं म्हणत तो रोज आणायचा. पहिल्या दिवसापासून, न सांगता. पडवीतून येताना त्याला आईची पाठ दिसली असणार, सुपाशेजारचं बोंडलं दिसलं असणार. तांब्या तिच्या हाताशी ठेवून तो उभाच राहिला.

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

त्यानं तांब्या तिच्याकडे जरा सरकवला.

"आई बाहेर बसलेली होती, राधा. सगळं तिच्या अंगावर आलं असतं. मला वाटलं, पाणीच तर आहे…" आणि मग, "मग तू एवढं ठाम सांगितलंस. तुझ्या तोंडावर कसं म्हणू?"

म्हणजे माझ्यासाठी. माझा शब्द राहावा म्हणून. तिला हसू येईल असं वाटलं, आलं नाही. तो आणखी काही म्हणेल म्हणून ती थांबली; तो पोरीच्या पाठीकडे बघत होता, कापसाचा बोळा चिकटवलेल्या जागेकडे. त्याचे डोळे भरले होते. काल भरले असते तर तिनं हात पुढं केला असता. आज त्या डोळ्यांतलं पाणी तिला दिसत होतं, एवढंच. तो बाहेर गेला, पडवीत आईजवळ.

दूध उतरलं तशी तहान आली. नेहमीसारखी, घशाच्या तळापासून, मागितल्यासारखी. तांब्या हाताशी होता. गार होता, बाहेरून घामेजलेला. तिनं हात उचलला नाही. उद्या उचलीन कदाचित. तहान लागली की माणूस पितंच. पण न बघता, सवयीनं, डोळे मिटून तोंडाला लावायचा तो तांब्या… तो हा नव्हे.

राजनंदिनीनं तोंड सोडलं, ओठांवर दूध ठेवून तिच्याकडे पाहिलं, आणि राधिकाच्या मांडीवर ऊबदार ओल पसरली. लुगड्यातून, पोटऱ्यांपर्यंत. आठवड्यापूर्वी ती या ओलीला हसली असती, कौतुकानं लेकराच्या पायाचा मुका घेतला असता. आता तिनं तळवा ओलीखाली धरला आणि तशीच बसून राहिली. दिवसभर पोर कुणाकुणाच्या कडेवर होती ते आठवत, सकाळच्या त्या थेंबापर्यंत मागं जात, पुन्हा पुढं येत. आज न्हाई दिलं अजून, त्या म्हणाल्या होत्या. खरंच असेल. ओल हळूहळू गार होत चालली, आणि ती दुधाची की पाण्याची, हे तळवा तिला सांगत नव्हता.