पहिली चौकट

पहिल्या चौकटीवर टेकण्याआधी अण्णांचं बोट किंचित थांबतं, हे लेकीच्या आज सकाळी प्रथमच लक्षात आलं. आवंढा गिळायला लागेल, तेवढाच वेळ.

अर्धांगवायूच्या झटक्यानं अण्णांची वाचा गेली, तेव्हा तिनंच त्यांच्यासाठी हा प्रोग्राम लिहिला. त्यांचे वर्षानुवर्षांचे मेसेज त्याला वाचायला घातले. कुणी काही विचारलं की पडद्यावरच्या तीन चौकटींत तीन उत्तरं येत. अण्णा त्यांतलं एक दाबत आणि कॉम्प्युटर ते मोठ्यानं बोले. अण्णा जन्मभर 'चालेल' म्हणत आलेले. चहा गार असला तरी चालेल, बदली लांब झाली तरी चालेल. त्यामुळे पहिल्या चौकटीत बहुधा तेच असे. प्रोग्रामचा अंदाज सहसा चुकत नसे, याचा तिला अभिमान होता.

दादा कधीपासून अण्णांना आपल्याकडे न्यायचं म्हणत होता. तळमजल्यावरची खोली, पुढे अंगण, घरात पोरांचा गलका. ती म्हणे, त्यांना इथली सवय आहे. अण्णा दोघांनाही 'चालेल' म्हणत आणि विषय तिथेच राही. ते गेले तर या घरात ती एकटीच उरणार होती. हे मात्र तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं.

आज दादा गाडी घेऊनच आला होता.

"विचार एकदाचं," तो म्हणाला. "बघू तुझा पोपट काय बोलतो."

जे आधीच ठाऊक आहे तेच कुणी सांगितलं, तर त्यानं काहीच सांगितलेलं नसतं, असं ती कॉलेजात मुलांना शिकवत असे. म्हणजे अण्णा इतके महिने बोलत होते आणि काहीच सांगत नव्हते. तिनं चौकटी बंद केल्या. पडद्यावर नुसती अक्षरं उरली.

"अगं, किती त्रास होईल त्यांना."

"होऊ दे. अण्णा, इथे की दादाकडे?"

उत्तर तिला माहीतच होतं. दादाला ते अण्णांच्या शब्दांत मिळालं म्हणजे झालं.

अण्णांचं बोट अक्षरांवरून हिंडू लागलं. चुकलं की पुसत, पुन्हा शोधत. दादानं मोबाइल काढला आणि परत खिशात ठेवला. 'मला' झालं. बऱ्याच वेळानं 'इथे'.

"राहायचंय," ती पुटपुटली.

अण्णांनी मान वर केली. दुसऱ्याचं उत्तर आपणच देऊन मोकळ्या होणाऱ्या पोरीकडे बघावं, तसं तिच्याकडे पाहिलं. ते पुन्हा पडद्याकडे वळले.

वाक्यं पुरी झाल्यावर त्यांनी बोलायचं बटण दाबलं, जरा जोरातच. आवाज नेहमीसारखा सपाट होता.

"मला इथे कंटाळा येतो. मी ह्याच्याकडे जातो."