रिकामा केलेला खड्डा

ही गोष्ट २०१९ सालच्या मे महिन्यातली. त्या उन्हाळ्यात तलाव इतका आटला, की तेवीस वर्षं पाण्याखाली असलेलं जांभूळटोला कमरेएवढ्या भिंतींनिशी वर आलं. नागभीडच्या बाजारात हे कळताच रुखमाबाईंनी सुनेला सांगितलं, "हर्षा, उद्या मले तिथी ने. सासऱ्याले बोलू नको."

सासरे म्हणजे हरिदासभाऊ. तलावासाठी गाव उठलं तेव्हा लोकांनी दारं, छपराचे फाटे, कवेलू सगळं काढून नेलं. हरिदासभाऊंनी एक कवेलू हलू दिलं नाही. उलट घरामागचा खताचा खड्डा तळापर्यंत उपसून बंडीनं सगळं खत तिथल्याच धानाच्या बांधीत टाकलं. "पाणी येत नाई. मृग लागला का आपण वापस."

तेव्हापासून पुनर्वसनाच्या घरात भांड्यांची गाठोडी बांधलेलीच होती. चूल पक्की लिंपायची नाही, अंगणात शेवगा लावायचा नाही. "जायचंच आहे नं!" मुक्कामाला उतरल्यासारखी रुखमाबाईंची तेवीस वर्षं गेली. आता घराची एक वीट नवऱ्यापुढे ठेवायची आणि गाठोडी सोडायची, एवढंच त्यांना हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघी गेल्या तेव्हा काठावर पोचू ढिवर जाळं झटकत होता. "बाई, वरून वाळलं दिसते, खाली लोणी हाय. माह्या मांगं या."

"माह्या घरची वाट तू दाखवतं काय रे मले?"

गल्ली तीच होती, पण कोंबडं नाही, कुत्रं नाही. भिंतींना शिंपले चिकटलेले. दाराची चौकट कधीच गळून गेली होती, तरी रुखमाबाईंनी सवयीनं मान लववली. उखळ जागेवर होतं. त्यात मेलेला खेकडा. समोरच्या विटा हात लावताच भुगा झाल्या. चांगली वीट पाहायला त्या मागच्या अंगाला वळल्या, आणि जमिनीनं त्यांना कमरेपर्यंत आत घेतलं.

एक पाय उपसला की दुसरा खोल जाई. लुगडं गाळानं जड झालं. ओरडावं तर छातीत हवा मावेना. समोर त्यांचीच भिंत, हाताच्या अंतरावर, आणि हात पोचत नव्हता.

हर्षाच्या हाकेवर पोचू आपला लाकडी डोंगा चिखलावरून ओढत घेऊन आला. आडवं पडून दोघांनी त्यांना ओढून काढलं. "इथी एवढं खोल काऊन?" पोचूनं विचारलं.

रुखमाबाई धापा टाकत हसायला लागल्या. "बुढ्यानं रिकामा केला होता नं बाप्पा, खताचा खड्डा!"

वीट राहूनच गेली. घरी हरिदासभाऊंनी लुगड्यावरचा काळा गाळ बोटानं खरडून नाकाशी नेला. "कुठी पडली?"

"आपल्या खड्ड्यात."

"तो तर मी रिकामा केला होता."

"भरला. काठोकाठ."

"मंग बांधीतलं खत?"

हरिदासभाऊंनी जवळचं गाठोडं ओढलं. गाठ सुटेना, तर म्हणाले, "विळा आण."

मृगात त्यांनीच अंगणात शेवग्याची फांदी लावली. शेंगा धरायच्या आत, कार्तिकात ते गेले. हर्षा आता अंगणवाडीत आहे. पोचू अजून त्या तलावात मासे धरतो. रुखमाबाईंच्या घरावर मात्र जाळं टाकत नाही म्हणतो, अडकते. रुखमाबाई पुन्हा तिकडे गेल्या नाहीत. पुनर्वसनाच्या घराचं दार चांगलं उंच आहे, तरी त्या अजून मान लववून आत येतात.