शालूची खिरापत

गल्लीला चघळायला काहीतरी लागतंच. एकोणीसशे चौतीसच्या अश्विनात खामगावच्या माळ्यांच्या गल्लीला बारा वर्षांची शालू सापडली. मधुमेहानं पोर खंगली, तर शेजारच्या मनकर्णाबाईंनी निकाल देऊन टाकला, "चोरून गूळ खाल्ला तिनं. पोरीहो, तिच्या घरची खिरापत खाऊ नका, तुमालेबी लागन."

म्हातारीच्या जिभेला हाड नव्हतं.

भुलाबाईचे दिवस होते. रोज संध्याकाळी पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणत, आणि ज्या घरी गाणी तिथली पोर झाकलेला डबा वाजवून आतला खाऊ ओळखायला लावी. आज शालूची पाळी होती. पोरी आल्याच नाहीत, तर चोरीचा शिक्का कायमचा बसणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"राहू दे बाई औंदा," तिची आई रुखमाबाई म्हणाली.

"काऊन? म्या काय केलं?"

शालू डबा घेऊन थेट ओट्यावर गेली आणि खणखण वाजवू लागली. डब्याचा आवाज ऐकून घरात बसेल ती पोर कसली! एकेक करत सगळ्या जमल्या. नात सुभद्रेला ओढून न्यायला मनकर्णाबाईही आल्या.

"खडीसाखर!"

"नाई."

"बत्तासे!"

"नाई!"

शालूनं झाकण काढलं. आत औषधाच्या तीन रिकाम्या बाटल्या होत्या.

"हे मुंबईहून येते. रोज सुईनं टोचून घ्या लागते. आपल्या पोटात साखर जिरवाचा रस करणाऱ्या बारीक बारीक पेशी असतात. माह्या मेल्या, वाफ्यातलं रोप वाळते तशा. काऊन मेल्या, थे डाक्टरलेबी ठावं नाई. पन गुळानं नाई मेल्या, असं त्यानं सांगतलं."

रुखमाबाई आतून उकळलेली सुई आणि भरलेली बाटली घेऊन आली. आता तिनंही पदर खोचला होता. शालूनं सगळ्यांदेखत दंड पुढे केला. सुई शिरताना डोळ्यांत पाणी आलं, पण मान तिनं वळवली नाही. ती मनकर्णाबाईंकडेच बघत होती.

"चोरी तं माह्याच पोटात झाली, आजी. अन् चोट्टी मीच?"

मनकर्णाबाईंनी नातीचा हात धरला. "चाल घरी."

सुभद्रेनं हात सोडवून घेतला आणि ओंजळ शालूपुढे धरली.

"खिरापत दे न वं मंग."

शालूनं आतून खारे शेंगदाणे आणून तिच्या ओंजळीत घातले, भरपूर.