मामंजींची जोडाची चटई

एकोणीसशे ब्याऐंशी सालची गोष्ट. सामान पाठीवर घेऊन चालत तळ्याकाठी जायचं आणि तंबू ठोकून चार दिवस राहायचं, हा त्या घराचा दरवर्षीचा नेम. त्या वर्षी तो मोडायला आला होता. सासूबाई गेल्यापासून मामंजी खिडकी सोडत नव्हते.

"माझे गुडघे गेले. मला ओझं उचलवत नाही आणि कुणाचं ओझं व्हायचं नाही. तुम्ही जा."

सून शिवणकाम करायची. जुन्यातून नवं काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मामंजींना इथे एकटं सोडलं तर ते कायमचे खिडकीचेच होतील, हे तिला दिसत होतं.

"झोपेत भार पडतो खांद्यांवर आणि कमरेवर," ती नवऱ्याला म्हणाली. "फोमची चटई मांडीपर्यंत पुरे. पायांखाली रिकामी सॅक घालायची. आपल्या दोघांच्या आणि दोन्ही मुलांच्या चटया कापू, म्हणजे मामंजींचं सामान आपल्या सॅकमध्ये मावेल. त्यांची तेवढी अख्खी ठेवू, गार जमीन गुडघ्यांना सोसायची नाही."

"आणि माझे पाय?"

"तुम्ही कोण राजे लागून गेलात?"

निघायच्या आदल्या दुपारी तिने चटया कापायच्या टेबलावर घातल्या. कापड एकावर एक रचायचं, वरच्या थरावर खडू मारायचा, आणि एका दमात सगळं कापायचं, ही हाताची वीस वर्षांची सवय. लांब चाकू सरसर फिरला. तुकडे खाली पडले.

"आई," थोरली लेक म्हणाली, "पाच आहेत. आजोबांची निळीपण!"

सुनेने खालचा निळा तुकडा उचलला. फोममध्ये टाका टिकत नाही, दोरा ओढला की फाटतो. मग तिने जुन्या चादरीची पट्टी काढली आणि चपला चिकटवायच्या गोंदाने निळा तुकडा निळ्या चटईला परत जोडला. गुडघे येतील तिथे आणखी एक तुकडा खालून चिकटवला. जोड बिजागरीसारखा दुमडायला लागला.

मामंजी कधी मागे येऊन उभे राहिले, कळलंच नाही.

"चुकून कापली, मामंजी."

"न मोजता?"

"मोजून कापली. मोजायचे राहिले ते थर."

ते हसले नाहीत. चटई दुमडून त्यांनी जमिनीवर ठेवली, भिंतीला धरून तिच्यावर बसले, आणि कुणाच्या हाताशिवाय उठले.

"हे वाटेत टेकायला बरं. पण दर वळणावर बसेन हं मी."

"बसा की."

"मग हिला दोरी लाव. माझी चटई मीच घेणार."

ते खरंच दर वळणावर बसले. तळ्याशी पोचायला संध्याकाळ झाली, आणि कुणीही कुरकुरलं नाही. कुरकुरला तो नवरा, सकाळी. त्याचे पाय रात्रभर सॅकवरून घसरत होते.

मामंजी त्यानंतर आणखी सहा वर्षं आले, मग झोपेतच गेले. थोरली पूल बांधते. धाकट्याला सगळे टिल्लू म्हणायचे. तो सव्वासहा फूट झाला, त्याला कुठलीच चटई पुरत नाही. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. पायांबद्दल शेवटपर्यंत बोलत होता. आणि ती? ऐंशी उलटली, गुडघे मामंजींवर गेलेत. निळी चटई दुमडून ती कुंड्यांशी बसते. पट्टी तीनदा बदलली, जोड तोच आहे.