बोटीचा हिरवा

त्या बंदरावर घरांना नंबर आहेत, पण नंबर विचारतो कोण? ज्याच्या बोटीला जो रंग, तोच त्याच्या घराच्या दाराला. झिंक मंडळींचा लाल, आयझनहावरांचा पिवळा आणि लॉर्न कॉर्कमचा हिरवा. हा हिरवा दुकानात मागून मिळायचा नाही. लॉर्न तो स्वतः शेडमध्ये दार लावून मिसळायचा, आणि त्यात काय काय घालतो ते त्याने बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही. दर वसंतात आधी बोट रंगायची, उरलेल्यातून दार.

यंदा दार तसंच राहिलं होतं. गुडघ्यांनी दगा दिला तशी लॉर्नने शेवंडं, म्हणजे लॉब्स्टर, धरायची बोट विकून टाकली. घेणाऱ्याने ती नेली आणि पांढरीफटक करून टाकली, मेल्याने. बोटच नाही तर नवा रंग मिसळायचा कशाला? शेडमध्ये हिरव्याचा शेवटचा एक डबा उरला, दारासाठी. त्याची बायको व्हर्ना रोज टोकायची, की दाराचे पोपडे निघालेत, लोक काय म्हणतील. लॉर्न म्हणायचा, बघू. आता शेवटचा डबा उघडायला माणसाचा हात धजावला नाही, तर त्यात नवल ते काय?

अशा घरात हायडी परत आली होती. लॉर्नची एकुलती एक मुलगी, चाळिशीकडे झुकलेली. नवऱ्याशी फाटलं म्हणून हॅलिफॅक्स शहरातलं भाड्याचं घर सोडून, नऊ वर्षांच्या मारेनला घेऊन आलेली. मायलेकींच्या वाट्याला वरची मागची खोली आली, तिरक्या छपराची. दोन खाटा टाकल्यावर मधे एकीनेच उभं राहायचं, दुसरीने तोवर पाय वर घेऊन बसायचं. हायडीने पहिल्याच दिवशी बजावलं, की आपण इथे थोडेच दिवस आहोत, कधीही निघू. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, चित्र चिकटवायचं नाही. कपडे बॅगेत आणि बॅगा खाटेखाली.

दुकानात, चर्चमध्ये, भेटेल तो विचारायचा, काय गं, आलीस का परत? हायडीचं उत्तर ठरलेलं, नाही हो, थोड्या दिवसांसाठीच. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात पहाटपाळीची नोकरी धरली, तीही म्हणे तात्पुरती. वसंत सरून उन्हाळा लागला तरी हे थोडे दिवस काही संपेनात. तिला मनातून धास्ती एकच होती. भिंतीवर एक जरी चित्र लागलं, तरी आपण हरून माहेरी आलो यावर शिक्कामोर्तब होईल. चित्र नाही तोवर आपण पाहुणे, आणि पाहुण्याला कुणी हरलेला म्हणत नाही.

मारेन हट्टी पोर नव्हती, हेच वाईट. माझ्या बाजूची भिंत तेवढी रंगवूया का, असं तिने आईला एकदाच विचारलं. आपलं घर झालं की तुला हवा तो रंग देऊ, असं हायडी म्हणाली. पुन्हा पोरीने विषय काढला नाही. म्हणजे, आईकडे काढला नाही.

एका शनिवारी हायडी कामावरून आली, तर जिन्यातच वासाने तिचं डोकं भणाणलं. वर जाऊन बघते तो मारेनच्या खाटेमागची भिंत हिरवीगार. आजोबा स्टुलावर बसून खालचा भाग रंगवतायत, नात खाटेवर उभी राहून वरचा, आणि दोघांच्या केसांतसुद्धा रंग. रंगही कसला, तर खाऱ्या पाण्याला पुरून उरणारा, थेट बोटीचाच. लॉर्नने जन्मभर रंग दिला तो उघड्या धक्क्यावर, वाऱ्यात. बंद खोलीत या रंगाचा वास माणसाला बसू देणार नाही, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. खिडकी उघडावी तर बाहेर दाट धुकं. आठवडाभर तरी भिंत वाळायची नव्हती.

हायडीचा पारा चढला.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला, बाबा? आम्ही काही इथे कायमच्या आलेलो नाही."

"भिंत रंगवलीय, पोरी," लॉर्न ब्रश पुसत म्हणाला. "तुझे पाय नाही बांधले."

"आणि दार? शेवटचा डबा होता तो."

"दार काय, रस्त्यावरचे लोक बघतात. ही रोज या भिंतीकडे तोंड करून झोपते."

हायडी आणखीच चिडली आणि पाय आपटत जिना उतरून गेली.

त्या वासात झोपणं शक्यच नव्हतं. व्हर्नाने नवऱ्याचा यथेच्छ उद्धार केला, सत्तरी आली तरी अक्कल म्हणून यायची नाही, आणि खाली बैठकीच्या खोलीत गाद्या घातल्या. कपड्यांना वास धरेल म्हणून हायडीने दोन्ही बॅगा खाली ओढून आणल्या. तिची स्वतःची बॅग म्हणजे नुसतं बोचकं झालं होतं. मारेनची उघडली आणि ती बघतच राहिली. इस्त्री केल्यासारख्या घड्या. दात घासायचा ब्रश पिशवीत. चित्रांची गुंडाळी रबर लावून कडेला. आणि सगळ्यात वर, कागदात गुंडाळलेले बूट.

"बूट बॅगेत कशाला गं?"

"रोज भरून ठेवते मी," मारेन म्हणाली. "तू म्हणालीस ना, कधीही निघू म्हणून."

"अगं, पण बूट?"

मारेन नखातला हिरवा रंग खरवडत राहिली. "मागच्या वेळी तिथून निघताना माझे बूट सापडत नव्हते. शोधण्यात उशीर झाला, तेवढ्यात पप्पा आले आणि तुमचं ते भांडण झालं. आता माझ्यामुळे नको."

हायडीच्या आता ध्यानात आलं. आपण पाहुणे म्हणून मिरवत होतो, आणि ही पोर इतके महिने रोज सकाळी घर सोडायच्या तयारीत उठत होती. ती तिथेच जमिनीवर बसली, मारेनला कुशीत ओढलं आणि म्हणाली, की ते भांडण बुटांमुळे झालं नव्हतं, तुझ्यामुळे तर मुळीच नव्हतं. मारेनने मान हलवली, पण पटलं असं काही दिसलं नाही. नुसत्या शब्दांनी कसं पटावं?

मग हायडी उठली. कागद काढून बूट हातात घेतले, मागच्या दारापाशी गेली, आणि लॉर्नच्या चिखलाळ गमबुटांशेजारी ते मांडले. मारेन पाठोपाठ येऊन बघत उभी होती.

"इथे ठेवायचे आता. रोज."

"आणि चित्रं?"

"भिंत वाळू दे. खिळे मी ठोकीन."

एवढं बोलून ती तशीच शेडकडे गेली. लॉर्न रिकामा डबा पुढ्यात घेऊन बसला होता. डब्याच्या तळाला चमचाभर रंग उरला होता, तोही तो काडीने कडेला गोळा करत होता. रागावलेली लेक पुन्हा ओरडायला आली असं वाटून त्याने वर बघितलंच नाही.

"बाबा, हा हिरवा कसा मिसळायचा ते मला शिकवा. दार राहिलंय. आणि माझ्या बाजूची भिंतसुद्धा. भिंतीला मात्र घरात देतात तसला रंग घेऊन मिसळू, नाहीतर आई तुम्हाला धक्क्यावर झोपवेल."

लॉर्नची काडी थांबली. बाहीने नाक पुसून तो दुखऱ्या गुडघ्यावर हात टेकत उठला.

"मग उंबऱ्यात काय उभी राहिलीस?" तो म्हणाला. "आत ये, आणि दार लावून घे."