सातूचे मुटके

“ममा म्हणते, गहू तर नाहीच, पण सातूही द्यायचा नाही मला. कणसुद्धा नाही.”

नऊ वर्षांची गालिया मोबाइल दोन्ही हातांत धरून तंबूच्या दारात बसली होती. पडद्यावर बेगोन्याचा लालबुंद गोरा चेहरा हलत होता. उन्हाळ्याची सुट्टी स्पेनमध्ये तिच्या घरी काढून गालिया छावणीत परतली, त्याला अजून आठवडाही झाला नव्हता. छावणीतली कितीतरी पोरं अशी उन्हाळ्यात तिकडे जात, त्यात नवल काही नव्हतं. पण बाकीची पोरं तिकडे सांभाळणाऱ्या बायांना नावानं हाक मारत. गालिया ममा म्हणायची.

तो शब्द ऐकला की तिच्या आईच्या, स्वेल्माच्या मानेची शीर ताठ व्हायची. ती तुपाची कातडी पिशवी पिळत होती, तशीच पिळत हसली.

“सातू? तिच्या बापजाद्यांनी तरी पाहिला होता का सातू? सांग तिला, सातूवर आमच्या माणसांनी उंटांमागं अख्खा सहारा पालथा घातला. आमच्या पोटाचं आम्हाला नको शिकवू म्हणावं.”

गालियानं एकदा आईच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे, आणि स्पॅनिशच्या दोन-तीन शब्दांत सगळं उरकलं. पलीकडे बेगोन्या समाधानानं मान हलवायला लागली.

“काय सांगितलंस?”

“तू म्हणालीस तेच.”

आम्हा सहारातल्या निर्वासितांच्या स्मारा छावणीत गहू न सोसण्याचा हा आजार कुणाला नवा नव्हता. मदतीच्या पोत्यांतून गव्हाचं पीठ येई, त्याच्या भाकरी, त्याचा कुसकुस, त्याच्याच शेवया. आणि गल्लीगणिक एखादं पोर असं निघे, की पोट ढोलासारखं आणि हातपाय काटक्या. गालिया त्यातलीच. डॉक्टरांनी गहू बंद करायला सांगितला त्या दिवसापासून स्वेल्मानं घरात जी शिस्त लावली, तिची अख्ख्या गल्लीत चेष्टा व्हायची. गालियाचं पातेलं वेगळं, तिच्या पळीला लाल दोरा बांधलेला. भाकरी थापलेल्या हातांनी कुणी पोरीला जवळ घेतलं तरी स्वेल्मा तिला ओढून घेई. ओरानच्या विद्यापीठात इतिहास शिकलेली आणि छावणीच्या शाळेत शिकवणारी ही बाई, पण लग्नाच्या जेवणात सगळे एका परातीभोवती बसले की ती डोळ्यांत तेल घालून पोरीच्या हाताकडे बघत राही. गालिया कोपऱ्यात आपल्या वाडग्यातला भात खाई.

“ही काय सरकारी पाहुणी का गं? एका परातीत जेवली तर बाटते की काय?” बायका म्हणत.

हे सगळं स्वेल्मा गिळे. पण पोरगी दोन महिने तिकडे राहून गाल भरून परत आली, तेव्हा शेजारच्या महजूबानं काय म्हणावं?

“पोर माणसात आली हो! त्या बाईच्या हाताला गुण आहे.”

हाताला गुण! आणि वर्षभर जे हात पातेली घासघासून सोलले, त्यांना काहीच नव्हतं. स्वेल्मानं त्या दिवशी महजूबाला चहाचा तिसरा पेला दिलाच नाही. तीन पेल्यांशिवाय आमच्याकडे चहा संपत नाही, त्यामुळे महजूबा काय ते समजली.

ती गेली, तरी तिचं बोलणं घरातच राहिलं. गालियाच्या केसांना वेगळ्याच साबणाचा वास यायचा. झोपेत ती स्पॅनिश बडबडायची. दवाखान्यातून मिळालेल्या मक्याच्या पिठाची भाकरी स्वेल्मा करी, ती तडकलेल्या जमिनीसारखी निघे. गालिया निमूट खाई आणि सहज म्हणे, “ममाकडं पाव मऊ असतो.” सहजच म्हणे. तेच जास्त लागे.

तिरिसच्या माळांकडे गेल्या वर्षी चांगला पाऊस होऊन सातू पिकला होता, आणि मग हिवाळ्याच्या तोंडाशी तिकडे जनावरं चारणाऱ्या चुलतभावानं सातूचं पोतं पाठवलं. स्वेल्माची आई, एम्बारका, त्या पोत्याशी अशी बसली जणू माहेरचं माणूस आलंय. तिनं दाणे खमंग भाजले आणि हातजात्यावर दळले.

“हा आजार गव्हाचा, पोरी,” ती म्हणाली. “मदतीच्या पोत्यांबरोबर आला. सातू आपला आहे. याच्या पोत्यावर कुणाचा झेंडा नाही.”

स्वेल्मानं पीठ परातीत घेतलं, त्यात शेळीचं तूप, साखर, कोमट पाणी घातलं आणि मुठीत दाबून एक मुटका गालियाच्या हातावर ठेवला. गालियानं आईकडे पाहिलं. मग खाल्ला.

“कसा आहे?”

“छान.”

“तुझ्या त्या ममाकडं असतं असं काही?”

“नाही.”

“आणखी देऊ?”

“दे.”

स्वेल्मा हसली. एम्बारका म्हणाली, बाई, किती दिवसांनी तुझे दात दिसले. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मुटके होऊ लागले. मोबाइल हाताशीच होता. त्यात सातूबद्दल विचारलं असतं तर दोन ओळींत उत्तर मिळालं असतं. पण काही प्रश्न माणूस मुद्दाम विचारत नाही, कारण उत्तर कुणाच्या बाजूनं येईल हे त्याला आतून ठाऊक असतं.

थंडी सरता सरता गालियाचे गाल उतरले. पोट परत वर आलं. शाळेत ती बाकावर डोकं टेकून बसायची.

“तिकडचं मऊ मऊ खाऊन पोट नाजूक करून ठेवलंय त्या बाईनं,” स्वेल्मा म्हणाली. बेगोन्याकडून खास बिनगव्हाच्या बिस्किटांचा खोका आला होता, तो तिनं उचलला आणि महजूबाच्या पोरांना वाटून टाकला. गालियाला म्हणाली, “तुला घरचं खाऊन ताकद येईल.” आणि संध्याकाळी एका मुटक्याचे दोन केले.

वसंताच्या सुट्टीत बेगोन्या स्वतः आली. उन्हाळ्यात पोरं सांभाळणारी तिकडची कितीतरी कुटुंबं त्या दिवसांत छावणीत येतात आणि ज्याचं पोर, त्याच्याच तंबूत उतरतात. बर्मेओ नावाच्या बंदरगावात तिचं मासळीचं दुकान होतं. आवाज मोठा, हात मोठे, आणि घरात मूलबाळ नाही. गालिया धावत जाऊन तिच्या कमरेला बिलगली. बेगोन्यानं तिला उचललं, आणि उचलल्याबरोबर तिचं हसू थांबलं. पोरीचं वजन हातांना कळतं. स्वेल्मानं ते थांबलेलं हसू टिपलं.

पाहुणचारात कसूर नव्हती. धूप झाला, अत्तर झालं, बेगोन्याच्या हातांवर मेंदी काढली. आमच्या बायका नेसतात तो निळा मेल्हफा स्वेल्मानं स्वतः तिच्या अंगाभोवती गुंडाळला. चार पावलं टाकताच बेगोन्याचा पाय त्यात अडकला आणि ती उशांवर पालथी पडली. गालिया पोट धरून हसली. इतकं मोकळं हसताना स्वेल्मानं तिला महिन्यांत पाहिलं नव्हतं. मेल्हफा जरा सैल बांधला होता, हे तिचं तिलाच ठाऊक.

चहाच्या दुसऱ्या पेल्याला बेगोन्यानं विषय काढला. गालिया मधे बसून इकडचं तिकडे करत होती.

“ममा म्हणते, तुझी हरकत नसेल तर पुढचं वर्षभर मी तिच्याकडं राहावं. शाळा तिथंच. डॉक्टर पण. मग परत यायचं.”

“परत यायचं,” एम्बारका पुटपुटली. “वर्षभरात मूल कुणाचं होतं, मला सांगा.”

स्वेल्मा उठली, चुलीकडे जाऊन सातूच्या पिठाची परात घेऊन आली आणि बेगोन्याच्या समोर बसून मुटके वळू लागली. बघू दे म्हणावं. माझ्या घरात काय आहे ते बघू दे.

पहिला मुटका तिनं गालियासमोर धरला. बेगोन्यानं वाकून परातीत बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि एकदम स्वेल्माचं मनगट धरलं. ती भराभर बोलत सुटली. एक शब्द सारखा येत होता.

“काय म्हणतात त्या?” स्वेल्मानं विचारलं.

गालियानं दोघींकडे पाहिलं. “ममा म्हणते, वास फार छान येतोय.”

बेगोन्याच्या डोळ्यांत पाणी उभं होतं.

“वास छान आला म्हणून कुणी रडतं का गं, गालिया?”

पोरीनं मान खाली घातली.

“गालिया. नीट सांग.”

“ती म्हणते, हा सातू आहे. सातूत पण तेच असतं, गव्हात असतं ते.” गालियाचा आवाज बारीक होत गेला. “ती म्हणते, तिनं फोनवर सांगितलं होतं. तू हो म्हणाली होतीस.”

“मी कधी हो म्हणाले?”

“मी म्हणाले. तुझ्या वतीनं.”

बेगोन्यानं मनगट सोडलं. तिच्या तुपकट बोटाचा ठसा स्वेल्माच्या मनगटावर उमटला होता.

“तुला माहीत होतं,” स्वेल्मा म्हणाली. “पोटात दुखत होतं?”

“थोडं.”

“थोडं म्हणजे?”

“कधी कधी खूप.”

“मग मागून का घ्यायचीस गं? आणखी दे, आणखी दे कशाला म्हणायचीस?”

गालियानं गालिच्याचा दोरा उपसला. “तू हसायचीस म्हणून.”

एम्बारकानं परात उचलली आणि बाहेर शेळ्यांपुढे ओतली. ती पाय ओढत परत आली, तेव्हा कुणाकडेच न बघता म्हणाली, “मला कुणी सांगितलं असतं तर... पण मी तरी कुणाचं ऐकलं असतं का?”

स्वेल्माला वाटलं, आता ही बाई जिंकल्यासारखी बघेल. तिनं तयारी ठेवली होती. पण बेगोन्यानं नाक पुसलं, पिशवीतून आपल्या बिस्किटांचा पुडा काढला, फोडला आणि एक गालियाला दिलं. गालियानं ते तोंडात घालण्याआधी बेगोन्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग खाल्लं. मग हसून, मान डोलावून स्पॅनिशमध्ये म्हणाली, छान.

ती नजर स्वेल्माच्या ओळखीची होती. आधी चेहरा, मग घास. म्हणजे तिथंही हेच चालतं. क्षणभर तिच्या जिवाला गार वाटलं, फार गार. पाठोपाठ, असं वाटल्याची लाज वाटली.

बेगोन्या दुसऱ्या दिवशी बाकीच्या पाहुण्यांबरोबर शाळा बघायला गेली, तेव्हा स्वेल्मानं गालियाला जवळ बसवलं. सकाळचं ऊन तंबूच्या कापडातून पिवळं होऊन आत येत होतं.

“तुला जायचंय का तिकडं? वर्षभर?”

गालिया तिच्या डोळ्यांत बघू लागली. “तू म्हणशील तसं.”

“तसं नको.” स्वेल्मानं मेल्हफ्याचा पदर डोक्यावरून ओढला, थेट हनुवटीखाली आणला. डोळे, तोंड, सगळं झाकलं. “आता मी तुला दिसत नाही. मी हसतेय की रडतेय, तुला कळणार नाही. आता सांग.”

कापड श्वासानं आत-बाहेर होऊ नये म्हणून स्वेल्मानं श्वास रोखून धरला.

“जायचंय,” गालिया म्हणाली. आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेना. “तिथं पोटात दुखत नाही. पळता येतं. समुद्र आहे. तिथं मी सगळ्यांबरोबर एका टेबलाशी जेवते, कोपऱ्यात नाही. ममा पण माझाच पाव खाते.” मग घाबरून, “आई? रागावलीस?”

“नाही.”

“मग पदर काढ ना.”

“थांब जरा,” स्वेल्मा म्हणाली. “धूळ फार आहे आज.”

सप्टेंबरात गालिया गेली. उन्हाळाभर इथंच राहिलेल्या पोरीला तांदूळ, मसूर, उंटाचं मटण, आणि तडकलेली का होईना, मक्याची भाकरी. पोट उतरलं होतं. बसच्या खिडकीतून हात हलवताना तिच्या गालांवर थोडं मांस आलेलं दिसत होतं, आणि ते आपल्या हातचं आहे हे स्वेल्मानं शेजारी उभ्या महजूबाला ऐकवलंच. मत्सर गेला बिला काही नाही. फोनवर ‘ममा’ ऐकलं की अजून शीर ताठ होते. बेगोन्या बिचारी आता दर रविवारी पोरीचं ताट फोटो काढून पाठवते. स्वेल्मा तो फोटो मोठा करून करून बघते.

पण फोटोत पोट दिसत नाही. फोनवर गालिया रोज एकच सांगते, मजेत आहे, सगळं छान आहे. आईला सांगते छान, तिकडे ममालाही सांगत असेल छान. दोघींपैकी कुणालाच ती खरं सांगणार नाही, कारण तिला दोघींना हसताना बघायचंय.

म्हणून स्वेल्माचं एक मागणं आहे. ही गोष्ट ज्याच्या हाती पडेल त्याच्यापर्यंत ते पोचवावं, असं तिनं बजावलंय. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलं, बर्मेओच्या बंदरावर, तर मासळीच्या दुकानात एक सडपातळ, सावळी, मोठ्या डोळ्यांची पोर दिसेल. तिला गाठा. तुम्ही तिचे कुणी लागत नाही, म्हणूनच तुम्हाला सांगणं. गोड बोलू नका, खाऊ देऊ नका. समुद्राकडे तोंड करून उभे राहा आणि सहज विचारल्यासारखं विचारा, बाळ, दुखतंय का कुठं? आणि ती काय म्हणाली, ते जसंच्या तसं कळवा.